रिकाम्या मुठीकडे पाहताना



आमच्या सरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर पाणी, शेती, न्याय, भाषा अशा विषयांवर जाणकार माणसं बोलून गेली. या वर्षी संयोजकांनी एका विज्ञानशिक्षकाला बोलावलं आणि विषय दिला जादूचा. ज्यांनी सरांना वर्गात पाहिलं आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. सर गणित शिकवत, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खडूबरोबर हातभर सुती दोरी असे. फळ्यापाशी उभं केलं की ज्याची वाचाच बसते अशा मुलाला त्यांनी 'घाबरू नकोस' असं कधी म्हटलं नाही. ते त्याला त्या दोरीची एक गंमत शिकवत आणि आठवड्यानं तीच वर्गासमोर करून दाखवायला सांगत. त्या दोरीनं मुलाच्या आत नेमकं काय होत असे, याचा विचार मी शिक्षक झाल्यापासून करत आलो आहे. दर शनिवारी दुपारी माझ्याकडे मुलं हातचलाखी शिकायला येतात, त्यांनीही या विचारात भर घातली आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जादू शिकल्यानं बुजऱ्या मुलाला धीर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तो येतो कुठून, याबद्दलचा रूढ समज मला पटत नाही. लोकांना वाटतं, मुलाला एक गुपित कळलेलं असतं, इतरांना ते ठाऊक नसतं, म्हणून ते ताठ मानेनं चालू लागतं. गुपिताचा ताठा असतो हे खरं, पण तो चार दिवसांचा. टिकणारा धीर येतो तो दुसरीकडून. जादू करताना मुलाला स्वतःकडे पाहणं सोडून समोरच्या माणसाकडे पाहावंच लागतं, आणि ही सवय एकदा लागली की गुपित फुटलं तरी ती जात नाही.

नाण्याची एक साधी जादू घेऊ. नवशिक्यांच्या बहुतेक पुस्तकांत ती पहिल्याच प्रकरणात असते, त्यामुळे इथे सांगितल्यानं कुणा कलावंताच्या पोटावर पाय येणार नाही. डाव्या हाताच्या चिमटीत दहाचं नाणं सगळ्यांना दिसेल असं धरायचं. उजवा हात पुढे येतो, त्याचा अंगठा नाण्याच्या मागून जातो, बोटं पुढून मिटतात आणि नाणं उचलल्यासारखी मूठ बाजूला जाते. प्रत्यक्षात बोटांचा आडोसा झाला त्या क्षणी नाणं सुटून डाव्याच हाताच्या बोटांवर पडलेलं असतं. मग उजव्या मुठीवर फुंकर घालायची आणि ती उघडायची. आत काही नसतं.

गुपित एवढंच. ते सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण ते कळल्यावर मूल पहिल्यांदा करून दाखवतं तेव्हा कुणीच फसत नाही. बोटं नीट चाललेली असतात, दगा देतात ते डोळे. मुलाची नजर सारखी त्या डाव्या हाताकडे जाते, जिथे नाणं लपवलेलं आहे. तो हात आखडतो, अंगाला चिकटतो, खांदा वर जातो. मुलाच्या मनात एकच घोकणी चालू असते: माझं लपलंय ना, माझं दिसत तर नाही ना. आणि ही घोकणी समोरच्याला चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येते.

यावरचा उपाय सगळीकडचे चांगले जादूगार एकच सांगतात. आधी नाणं खरोखर उचल. लपवू नकोस, काही करू नकोस, नुसतं या हातातून त्या हातात घे. पुन्हा पुन्हा घे आणि स्वतःला विचार, खरंच घेतो तेव्हा माझे डोळे कुठे जातात? श्वास कसा चालतो? रिकामा झालेला हात काय करतो? तो तर सैल पडतो, खाली येतो, त्याच्याकडे आपलं लक्षही नसतं. लक्ष असतं ते ज्या मुठीत नाणं गेलं तिच्याकडे, आणि नंतर ज्याला ते दाखवायचं आहे त्याच्या तोंडाकडे. हे अंगात मुरलं की मग नाणं न घेता तेच करायचं. मूठ रिकामी आहे हे ठाऊक असूनही तिच्याकडे अशा नजरेनं पाहायचं की आत नाणं आहे.

मुलांना हे फार अवघड जातं. आरशासमोर सराव करणाऱ्यांचा तर एक ठरलेला घोटाळा असतो. नाणं सुटायच्या नेमक्या क्षणी पापणी लवते, म्हणजे करणारा स्वतःलाही ती चलाखी दिसू देत नाही. म्हणून मी आरसा लवकर काढून घेतो आणि मुलांच्या जोड्या लावतो. समोर जिवंत माणूस बसला की त्याच्या डोळ्यांत पाहणं भाग पडतं.

नजरेचं हे बळ संशोधकांनी मोजलंही आहे. गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये चेंडूच्या एका जादूचा अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो, तिसऱ्या वेळी नुसता हात हलवतो आणि चेंडू तळव्यातच ठेवतो. त्याची नजर न फेकलेल्या चेंडूमागे वर गेली, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी चेंडू वर जाताना 'पाहिला'. नजर हाताकडेच राहिली, तेव्हा हे प्रमाण निम्म्यावर आलं. पाहणाऱ्यांचे डोळे कुठे फिरत होते हेही नोंदवलं होतं. ते चेंडूमागे कमी आणि जादूगाराच्या चेहऱ्याकडे जास्त जात होते. माणूस माणसाच्या चेहऱ्यावर इतका विसंबून असतो.

आता ज्याला आपण बुजरेपणा म्हणतो त्याकडे या बाजूनं पाहा. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारं मूल, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारं मूल, स्नेहसंमेलनात पडद्यामागे रडणारं मूल: या सगळ्यांचं लक्ष स्वतःला चिकटलेलं असतं. माझा आवाज कसा येतोय, माझे हात कुठे ठेवू, सगळे मला हसतायत का. त्याला आपण सांगतो, 'आत्मविश्वास ठेव.' म्हणजे आणखी स्वतःकडेच पाहायला सांगतो. जादू त्याला वेगळं काम देते. समोरच्याचे डोळे आत्ता कुठे आहेत? तो हसला की त्या क्षणी त्याचं लक्ष सैल होतं, हे तुला दिसलं का? त्याला कंटाळा आला का? या प्रश्नांत गुंतलेल्या मुलाकडे स्वतःची काळजी करायला वेळच उरत नाही. हात सरावानं आपोआप चालतात, मन मोकळं होतं आणि ते बाहेर वळतं.

माझ्याकडे सातवीतली एक मुलगी येत असे. वर्गात ती वर्षभरात क्वचितच बोलली असेल. नाण्याची जादू तिनं घरी भरपूर घोटली आणि सगळ्यात आधी आजीला दाखवली. आजी वस्ताद. ती उजव्या मुठीकडे ढुंकूनही न पाहता म्हणाली, "ती दुसरी मूठ उघड बघू." पकडली गेली. दुसरं एखादं मूल तिथे नाणं टाकून पळालं असतं. या मुलीनं नाणं आजीच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "चल आजी, तुलाच शिकवते." पुढचा तासभर दोघी त्यात रमल्या. हे तिनं मला शनिवारी सांगितलं, सगळ्या मुलांसमोर, मोठ्यानं, हातवारे करत. गुपित गेलं होतं. धीर गेला नव्हता, उलट त्या संध्याकाळनंतर तो दिसू लागला. माझं मत बनलं ते अशा प्रसंगांमुळे.

जादूगारांचे दोन जुने नियमही यात कामाला येतात. एक, काय करणार हे आधी सांगायचं नाही. दुसरा, एकाच प्रेक्षकासमोर तीच जादू लगेच पुन्हा करायची नाही. 'आता मी नाणं गायब करतो' असं म्हटलं की पाहणारे नाण्यावर पहारा बसवतात. न सांगितलं तर चूक झाली तरी वाट बदलता येते, पत्ता चुकला तर जादू दुसरीकडे नेता येते, आणि समोरच्याला ती चूक होती हे कळतही नाही. चुकीनंतर पुढचा रस्ता असतो, हे भित्र्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. परीक्षेत चूक म्हणजे लाल रेघ, भाषणस्पर्धेत विसरलं म्हणजे संपलं. इथे मात्र चुकल्यावर काय करायचं याचाच सराव असतो.

जादू हे औषध आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला वाचोपचार तज्ज्ञाकडे न्यावं, खूप घाबरणाऱ्याला समुपदेशकाकडे. पण उपचार करणाऱ्यांनीही जादूला जवळ केलं आहे. डेव्हिड कॉपरफील्ड या अमेरिकन जादूगारानं १९८२ मध्ये 'प्रोजेक्ट मॅजिक' सुरू केला. हातांची हालचाल गमावलेल्या रुग्णांना पुनर्वसनाच्या व्यायामाऐवजी जादूचे प्रयोग शिकवायचे, अशी त्यामागची कल्पना. बोटं वाकवण्याचा कंटाळवाणा व्यायाम माणूस आठवड्यात सोडून देतो, पण दोरीची जादू जमेपर्यंत तो ती बोटं शंभर वेळा आनंदानं वाकवतो.

लंडनमध्ये 'ब्रीद मॅजिक' नावाचा उपक्रम चालतो, तो मला विशेष जवळचा वाटतो. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांच्या शरीराची एक बाजू कमजोर राहिली आहे अशा मुलांसाठी तो आहे. या मुलांना पाकीट फोडणं, चेन लावणं, ताटातलं कापून खाणं, म्हणजे दोन हात लागणारं प्रत्येक काम जड जातं, म्हणून ती चांगल्या हातानंच सगळं उरकतात आणि दुसरा हात आणखी मागे पडतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि जादूगार यांनी मिळून दोन्ही हात लागतीलच असे प्रयोग निवडले. शिबिर १० दिवसांचं, एकूण ६० तासांचं, आणि शेवटी मुलांचा रंगमंचावर कार्यक्रम. दोन्ही हातांच्या वापरात सुधारणा दिसली, असे अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात आले आहेत. तिथले लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात. मित्रांना जे येतं ते या मुलांना कधी येत नव्हतं, आता या मुलांना जे येतं ते मित्रांना येत नाही.

हे ऐकल्यावर तुम्ही मला अडवाल, आणि योग्यच अडवाल. हा तर गुपिताचाच ताठा झाला की! खरं आहे. ज्या मुलानं जन्मापासून फक्त मागे राहणंच पाहिलं आहे, त्याला एकदा तरी पुढे असण्याचा आनंद मिळायला हवा, आणि तो गुपितातून मिळाला तर माझी काही तक्रार नाही. गुपित हे दार आहे. पण पालकांना आणि शिक्षकांना माझं सांगणं आहे, मुलाला दारातच उभं ठेवू नका.

या विषयावरचं संशोधन अजून बाळसं धरतं आहे. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि कॅरोलाइन वॉट यांनी २०१८ मध्ये अशा उपक्रमांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष एकंदर आशादायक होते, पण बरेच अभ्यास लहान होते आणि अनेकांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. म्हणून मी आकड्यांपेक्षा माणसांकडे वळतो.

रेने लावांद हा अर्जेंटिनाचा जादूगार. जन्म १९२८, मृत्यू २०१५. वयाच्या नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. पत्त्यांच्या चलाखीची पुस्तकं सगळी दोन हातांच्या माणसांसाठी लिहिलेली, त्यामुळे त्याला स्वतःचं सगळं तंत्र डाव्या हातापुरतं नव्यानं रचावं लागलं. आणि एवढं करून तो वेगाच्या मागे लागला नाही. लाल आणि काळे पत्ते एकाआड एक लावायचे, ते पुन्हा वेगळे झालेले दिसायचे, मग तेच आणखी सावकाश, मग त्याहून सावकाश. मधेच एखादी गोष्ट सांगायचा. एका हाताचा माणूस इतक्या धीमेपणानं करतोय तरी काही दिसत नाही, याचाच लोकांना अचंबा वाटे. भरभर बोलून, भरभर करून मोकळं व्हायची घाई असलेल्या मुलांना मी त्याचं चित्रीकरण दाखवतो. घाबरलेल्या माणसाला घाई असते. सावकाश करणं हाच धीराचा अभ्यास आहे, आणि तो हातांपासून सुरू करता येतो.

वेल्सचा रिचर्ड पिचफोर्ड पहिल्या महायुद्धात खंदकात होता. थंडीनं हातमोजे काढता येत नसत, म्हणून तो मोजे घालूनच पत्त्यांचा सराव करी. पुढे कार्डिनी या नावानं तो पांढरे हातमोजे घालून पत्ते दाखवी आणि त्यासाठी जगभर ओळखला गेला. आपल्याकडे पुण्याचे रघुवीर भोपळे, म्हणजे सगळ्यांचे जादूगार रघुवीर, देशोदेशी फिरले, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक त्यांनी लिहिलं, आणि विजय रघुवीर व जितेंद्र रघुवीर यांनी ही कला तिसऱ्या पिढीपर्यंत आणली. मराठी घरांत जादू हा सभ्य, सहकुटुंब पाहायचा कार्यक्रम झाला, त्यात रघुवीरांचा वाटा मोठा आहे.

आता या विषयाची दुसरी बाजू. ती मांडल्याशिवाय मी मुलांच्या हातात पत्ते द्यावेत असं कुणालाही सुचवणार नाही.

फ्रान्सचा रोबेर-हुदँ हा आधुनिक जादूचा जनक मानला जातो. मूळचा घड्याळजी, अत्यंत कल्पक माणूस. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारनं त्याला अल्जीरियाला पाठवलं. तिथल्या लोकांवर त्यांच्या साधुपुरुषांचा प्रभाव होता, त्यातून बंड होईल अशी सरकारला भीती होती, आणि फ्रेंचांची जादू त्यांच्यापेक्षा वरचढ आहे हे दाखवायचं होतं. हुदँनं अल्जीयर्सच्या नाट्यगृहात एक छोटी पेटी ठेवली. पेटीच्या तळाशी लोखंड, रंगमंचाखाली विद्युतचुंबक. एका धडधाकट अरब माणसाला त्यानं बोलावलं. त्यानं पेटी सहज उचलली. मग हुदँनं जाहीर केलं की मी तुझी शक्ती काढून घेतो. वीज सुरू झाली. तो माणूस आपल्या लोकांसमोर जीव खाऊन ओढत राहिला, पेटी तसूभर हलली नाही. शेवटी कडीतून त्याला विजेचा झटका दिला, तो गुडघ्यांवर आला आणि पळून गेला. हे सगळं हुदँनंच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

कलेचा इतका मोठा माणूस, आणि त्याच्या कलेनं त्या दिवशी काय केलं? एका बलवान माणसाचा स्वतःच्या दंडांवरचा विश्वास काढून घेतला. चुंबक आहे हे त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. न सांगण्यातच सत्ता होती. हातातून अंगारा काढणारे बाबा-बुवा हेच करतात. जी चलाखी बारा वर्षांच्या मुलालाही शिकता येते ती ते दैवी म्हणून दाखवतात, आणि समोरच्याच्या मनात 'माझ्यानं काही होणार नाही, यांच्यानं होईल' हे पेरतात.

महाराष्ट्रात या उलट्या वापराला उत्तर मिळालं, आणि तेही हातचलाखीतूनच. केरळात जन्मलेले बी. प्रेमानंद चमत्कारांमागची युक्ती दाखवत देशभर फिरले. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि तिच्या कार्यकर्त्यांचे चमत्कार सादरीकरणाचे कार्यक्रम शाळाशाळांत होऊ लागले. पाणी शिंपडून नारळ पेटतो, कारण शेंडीत सोडियमचा तुकडा आहे. काडी न ओढता होम पेटतो, कारण ज्याला आपण तूप समजलो ते ग्लिसरीन आहे आणि खाली पोटॅशियम परमँगनेट आहे. मी पाहिलेल्या कार्यक्रमांत कार्यकर्ता आधी चमत्कार करी, गावाला चकित होऊ देई, मग कारण सांगे आणि जपून करता येण्याजोगी एखादी गोष्ट समोरच्या रांगेतल्या मुलालाच करायला लावी. त्या मुलाचा चेहरा मी पाहिलेला आहे. क्षणापूर्वी ज्याची भीती वाटत होती तेच आता त्याच्या हातून झालं होतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. कायदा हवाच होता. पण आठवीतल्या मुलीनं गावच्या पारावर अंगारा काढून दाखवावा आणि वडीलधाऱ्यांना 'हा असा निघतो' म्हणून सांगावं, हे काम कायद्याला जमणारं नाही.

तुम्ही म्हणाल, मनोरंजनाची जादू गुपित ठेवते आणि ही फोडते, मग मुलाला काय शिकवायचं? मी दोन्ही शिकवतो. नाटक पाहताना आपण नटाला अडवत नाही, तसंच समोरच्याला खेळ आहे हे माहीत असेल तर गुपित राहू द्यावं, त्यात त्याचाही आनंद आहे. त्याला ते खरं वाटत असेल, त्यातून तो घाबरत असेल, झुकत असेल, पैसे देत असेल, तर तिथल्या तिथे सांगून टाकायचं. हा फरक मुलांना लवकर कळतो. त्याबरोबर आणखी एक पथ्य मी पाळायला लावतो. मदतीला बोलावलेल्या माणसाचं हसं करायचं नाही. लहान भावाला वेड्यात काढण्यासाठी जादू वापरणाऱ्या मुलाच्या हातात मी काही दिवस पत्ते देत नाही. त्याचा वाढतो तो अहंकार, आणि अहंकाराला सतत कुणीतरी खाली लागतं.

मुलींबद्दल थोडं बोलतो. पालक मुलीला घेऊन येतात आणि विचारतात, ती सहायिका होईल का? होणार नाही. ती जादूगार होईल. लंडनच्या 'मॅजिक सर्कल' या १९०५ साली स्थापन झालेल्या संस्थेत १९९१ पर्यंत बायकांना प्रवेशच नव्हता. सोफी लॉइड या जादूगार बाईनं पुरुषवेशात, 'रेमंड' या नावानं परीक्षा दिली आणि सभासदत्व मिळवलं. त्याच वर्षी बायकांना प्रवेश खुला झाल्यावर तिनं खरी ओळख सांगितली, तर फसवणुकीच्या आरोपावरून तिलाच काढून टाकलं. २०२५ मध्ये संस्थेनं तिला सन्मानानं परत घेतलं. त्याच वर्षी तुरीनच्या जागतिक जादू-अधिवेशनात आपल्या सुहानी शाह यांनी पारितोषिक मिळवलं. त्यांनी सहा-सात वर्षांच्या असताना पहिला प्रयोग केला होता. माझ्या वर्गातल्या मुली त्यांचे प्रयोग पाहून येतात आणि सहायिकेचा विषयच काढत नाहीत.

शेवटी ज्यांची ही कला आहे त्यांच्याबद्दल. आपण आज मुलांच्या आत्मविश्वासासाठी जादूचे वर्ग काढतो, संच विकत आणतो, शिबिरांचं शुल्क भरतो. मदारी, गारुडी यांच्या मुलांनी ही कला भुकेपोटी शिकली. टेबल नाही, पडदा नाही, दिवे नाहीत. उकिडवं बसून, चहूबाजूंनी लोक असताना, मूठ असलेल्या वाट्या आणि कापडाच्या गोळ्या यांवर जमाव तासभर धरून ठेवायचा. रंगमंचावरच्या जादूगाराची पाठ तरी झाकलेली असते. दिल्लीच्या कठपुतली कॉलनीतले इशामुद्दीन खान यांनी १९९५ मध्ये कुतुबमिनारच्या परिसरात, उघड्यावर, दोरी हवेत उभी करून दाखवली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. पण कायद्याच्या लेखी रस्त्यावरचा असा कलावंत कोण आहे? १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं आणि खेळ करून दाखवणं यांच्या निमित्तानं पैसे मागणंही येतं. पहिल्यांदा पकडलं तरी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्या राज्यात तो कायदा आहे. आपल्या मुलांना ज्या कलेनं धीर येतो असं आपण म्हणतो, तीच करताना दुसऱ्याच्या मुलाला पोलिसाची गाडी दिसली की पळावं लागतं. मला याची चीड आहे, आणि ती या व्यासपीठावर बोलून दाखवणं मला सरांच्या स्मृतीला धरून वाटतं.

म्हणून संयोजकांकडे आणि इथे बसलेल्या मुख्याध्यापकांकडे माझी एक मागणी आहे. या वर्षीच्या दिवाळीनंतर तालुक्यातल्या निदान पाच शाळांत जादूचा वर्ग सुरू करावा. सामान फार लागत नाही: दोरी, नाणी, पत्त्यांचा एक जोड, तीन वाट्या. पाचवी ते आठवीची मुलं, एका वर्गात पंधरापेक्षा जास्त नकोत, कारण प्रत्येकाला रोज कुणाच्या तरी डोळ्यांत पाहून प्रयोग करता आला पाहिजे. पहिल्या महिन्यात कार्यक्रम ठेवू नका, बक्षीस तर कधीच ठेवू नका. शिकवायला मी आणि माझे दोन माजी विद्यार्थी येऊ. आणि आमच्याबरोबर, तालुक्याच्या बाजारात वाट्यांचा खेळ करणारा जो कुणी असेल त्याला शाळेचं पत्र देऊन बोलवा, त्याच्या मुलालाही वर्गात बसवा, तासाचं मानधन आम्हाला द्याल तेवढंच त्याला द्या, आणि हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे 'कलाशिक्षक' असं लिहा. पहिल्या वर्षीच्या मानधनाचा खर्च सरांच्या विद्यार्थ्यांनी उचलायचं कबूल केलं आहे. यादी बाहेरच्या टेबलावर आहे.